मेकाँग : सहा देशांची एक नदी

तिबेटच्या पठारावर उगम पावणारी मेकाँग नदी चार हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करून दक्षिण चीन समुद्राला मिळते. चीन, म्यानमार, लाओस, थायलंड, कंबोडिया व व्हिएतनाम हे सहा देश तिच्या काठी आहेत. त्यांपैकी मधले चार देश थेरवाद परंपरेचे असल्याने आपल्याला या नदीविषयी विशेष जिव्हाळा वाटणे स्वाभाविक आहे.

चीनमध्ये ती खोल दऱ्यांतून वेगाने उतरते. पुढे लाओस आणि थायलंड यांची सीमा दीर्घ अंतरापर्यंत हीच नदी आखते. लाओसची राजधानी व्हिएन्तिएन तिच्याच तीरावर वसली आहे.

या नदीचे खरे नवल कंबोडियात दिसते. नोम पेन्ह शहराजवळ तोन्ले साप ही नदी मेकाँगला मिळते. पावसाळ्यात मेकाँगची पातळी एवढी वाढते, की तोन्ले सापचा प्रवाह उलटा फिरतो आणि पाणी वरच्या सरोवरात शिरते. सरोवराचा विस्तार अनेक पटींनी वाढतो. पाण्याखाली गेलेल्या अरण्यात मासे पोसले जातात. पावसाळा सरला की प्रवाह पुन्हा पूर्ववत होतो. कंबोडियातील सामान्य कुटुंबाचे अन्न या मासळीवर आणि व्हिएतनामच्या मुखप्रदेशातील भातशेती नदीने आणलेल्या गाळावर अवलंबून आहे.

म्हणूनच वरच्या अंगाला बांधलेल्या धरणांचा प्रश्न गंभीर आहे. धरणांत गाळ अडतो, पुराचे वेळापत्रक बदलते आणि मुखप्रदेशात समुद्राचे खारे पाणी आत शिरते. १९९५ मध्ये लाओस, थायलंड, कंबोडिया व व्हिएतनाम यांनी करार करून मेकाँग नदी आयोग स्थापिला. चीन व म्यानमार मात्र त्याचे पूर्ण सदस्य नाहीत.

येथे रोहिणी नदीचे स्मरण होते. शाक्य व कोलिय यांच्यात तिच्या पाण्यावरून तंटा झाला, तेव्हा सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला. दोन्ही पक्षांनी प्रत्येकी दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी निवाडा करावा, असा त्याचा प्रस्ताव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नोंदविला आहे. संघाने तो मानला नाही. दोन्ही काठांनी समान अधिकाराने एकत्र बसावे, हा त्या प्रस्तावाचा गाभा होता. मेकाँगच्या काठी आजही नेमकी त्याचीच उणीव आहे.