द्राक्षं, बाटली आणि माफ झालेला कर

जकात गेली, तिच्या जागी एलबीटी आला, तोही गेला. 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला आणि नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या मालावर किती कर, हे ठरवण्याची सत्ता मंत्रालयाकडून जीएसटी परिषदेकडे गेली. नाशिकच्या वाइनचा कर मात्र अजून मुंबईतच ठरतो, कारण पिण्याचं मद्य जीएसटीबाहेर आहे. कर सोडला की रोजगार वाढतो, हे सरकारांचं लाडकं गृहीतक पारखायला वाइनइतकं सोयीचं उदाहरण या जिल्ह्यात दुसरं नाही.

राजीव सामंत यांची सुला वायनरी 1999 मध्ये उभी राहिली. 2001 मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं: राज्यात बनणाऱ्या वाइनला दहा वर्षं उत्पादन शुल्क माफ, परवाने सुटसुटीत, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क. पुढे प्रोत्साहन योजनेतून वाइनवरच्या 20 टक्के व्हॅटपैकी 16 टक्के उत्पादकाला परत मिळू लागले. मधल्या काळात हा परतावा रखडला, मग पुन्हा सुरू झाला. शेतकऱ्याला बांधलेलं गिऱ्हाईक आणि गावातच काम, अशी या सगळ्यामागची मांडणी होती.

पण बागेत उतरून पाहिलं की हिशेब वेगळा लागतो. खायच्या द्राक्षाला मजूर सतत लागतात. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग विरळणी, जीएच्या (जिबरेलिक ॲसिड) द्रावणात घड बुडवणं म्हणजे डिपिंग, निर्यातीचा माल असेल तर घडांना कागद बांधणं, शेवटी खुडा आणि पॅकिंग. पेठ-सुरगाण्याकडच्या मजूर टोळ्यांचा हंगाम यावरच चालतो. वाइनच्या द्राक्षाला मणी फुगवायचे नसतात. छोटा, जाड सालीचा, बियांचा मणीच हवा असतो. त्यामुळे विरळणी आणि डिपिंगची कामं जवळपास गळतात. म्हणजे खायची थॉमसन काढून वाइनची शिराज लावली तर त्या एकरातली मजुरी घटते. बागायतदाराच्या दृष्टीनं खर्च वाचला, टोळीच्या दृष्टीनं काम गेलं. रोजगाराच्या नावानं दिलेल्या सवलतीत या बाजूची चर्चा मी क्वचितच ऐकली आहे.

त्याच मण्यानं 2008-09 मध्ये बागायतदारांनाही घेरलं. शुल्कमाफी पाहून अनेकांनी वायनऱ्या टाकल्या, बँकांनी कर्जं दिली आणि मागणीपेक्षा वाइन जास्त झाली. त्यात जागतिक मंदी आली, 26 नोव्हेंबरचा मुंबईवरचा हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. टाक्या भरलेल्या असताना नवा माल कोण घेणार? खायचं द्राक्ष पडेल भावानं व्यापाऱ्याला देता येतं, नाहीतर बेदाणा करता येतो. शिराजला वायनरीशिवाय वाली नाही. कित्येकांनी वाइनच्या बागा काढून टाकल्या. कारखाने उभारायला उत्तेजन देणाऱ्या धोरणानं पिणारा कुठून येणार, याचा विचार केला नव्हता.

रोजगार आला, पण भलत्याच दारानं. सुलाची टेस्टिंग रूम 2005 मध्ये उघडली आणि शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या गंगापूर धरणाकडे वळू लागल्या. आज तिथली रिसॉर्ट, खानावळी, गाड्या, घरकाम, स्वागतकक्ष यांत जी कामं आहेत ती 2001 च्या धोरणाच्या केंद्रस्थानी नव्हती. ही कामं चांगलीच आहेत. फक्त ती दिंडोरी-निफाडच्या बांधावरच्या मजुराला आपोआप मिळत नाहीत.

वाइनच्या करसवलतीचा प्रश्न ऑस्ट्रेलियानं वेगळ्या रीतीनं हाताळला. तिथे 2000 पासून वाइनच्या घाऊक किमतीवर 29 टक्के विशेष कर आहे. 2004 पासून उत्पादकाला परतावा मिळतो, पण त्याला कमाल मर्यादा आहे, म्हणून त्याचा आधार प्रामुख्यानं लहान वायनऱ्यांना होतो. दुसऱ्याची ठोक वाइन पुढे करून परतावा उकळणारे निघाले, तेव्हा जुलै 2018 पासून मर्यादा 5 लाख डॉलरवरून साडेतीन लाखांवर आणली गेली. शिवाय बहुतांश द्राक्षं उत्पादकाच्या मालकीची आणि बाटलीवर त्याचाच शिक्का हवा, अशी अट आली. आपल्याकडे परतावा विक्रीच्या प्रमाणात. जो जास्त विकतो त्याला जास्त, आणि देशाच्या द्राक्षवाइन बाजारात निम्म्याहून मोठा वाटा एकट्या सुलाचा आहे. डिसेंबर 2022 मध्ये ती शेअर बाजारातही आली. सुलानं नियम मोडलेला नाही. नियमच तसा आहे.

जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय झाला. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, विरोधक तुटून पडले, निर्णय बारगळला. लहान वायनरीला करमाफीपेक्षा दुकानातलं एक कपाट अधिक कामाचं ठरलं असतं, असं मला वाटतं. आता 29 डिसेंबर 2022 पासून लागू असलेल्या भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारानं ऑस्ट्रेलियन वाइनचंही आयातशुल्क उतरतं आहे: 5 डॉलरवरच्या बाटलीवर 150 टक्क्यांवरून आधी 100 आणि दहा वर्षांत 50, 15 डॉलरवरच्या बाटलीवर आधी 75, पुढे 25. 5 डॉलरखालच्या बाटलीला ही सवलत नाही, म्हणून नाशिकची स्वस्त वाइन तूर्त सुरक्षित आहे. फटका बसेल तो त्याच्या वरच्या थराला, जिथे लहान वायनऱ्या नाव कमवू पाहतात. परताव्याला ऑस्ट्रेलियासारखी मर्यादा घालून वाचलेला पैसा त्यांच्याकडे वळवायचा असेल, तर तो निर्णय मुंबईतच घ्यावा लागेल; दिल्लीनं केलेला करार आपल्या वेळापत्रकानं पुढे जातोच आहे.