संगणकातले तण

मुलांच्या अभ्यासाला नि सातबारा पाहायला घेतलेला संगणक हळूहळू रेंगाळतो, पडद्यावर न मागता जाहिराती उगवतात. बियाण्यातून तणाचे बी यावे तसे फुकटच्या खेळाबरोबर हे प्रोग्रॅम शिरतात. काही नुसता त्रास देतात. काही मात्र हेर असतात, आपण टाइप केलेला बँकेचा पासवर्ड परस्पर चोराला धाडतात.

'व्हायरस आला, या नंबरवर फोन करा' असा फलक दिसला तर फोन मुळीच करू नये. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतो.

सेटिंग्जमधल्या 'ॲप्स'च्या यादीतून घरात कोणीच न घातलेले प्रोग्रॅम काढावेत. मग हातातले काम जतन करून 'विंडोज सिक्युरिटी'तून डिफेंडरची ऑफलाइन तपासणी लावावी. ती फुकट असते, पंधराएक मिनिटे चालते आणि विंडोज सुरू होण्याआधीच झडती घेते, म्हणून दडलेला हेरही सापडू शकतो. दुकानात नेऊन सगळे पुसून घेण्याची घाई नको. लग्नाचे फोटोही जायचे.

तरीही जाहिराती आल्या तर क्रोमच्या नोटिफिकेशनमध्ये कुणाला 'अलाऊ' दिले आहे ते पाहावे. पुष्कळदा मूळ तिथेच असते. बँकेचा पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदलावा. पैसे गेले असतील तर त्याच घटकेला १९३० वर फोन करून बँकेलाही कळवावे.