प्रश्न कुणाचा, हात कुणाचे?

तालुका विज्ञान प्रदर्शनात परीक्षक टेबलापुढे येऊन उभे राहतात. मूल पाठ केलेलं घडाघडा सांगू लागतं. दोन पावलं मागे सर किंवा बाई उभ्या असतात. परीक्षक मध्येच विचारतात, "पाणी अर्धा लीटरच का घेतलंस? पाव लीटर का नाही?" मुलाचं बोलणं थांबतं आणि मान आपोआप मागे वळते.

त्या वळलेल्या मानेत सगळा प्रकल्प कळून येतो. थर्माकोलचा डोंगर सुबक असतो, तक्त्यावरची अक्षरं मोत्यासारखी असतात, छोटी मोटर लावली की कारंजंही उडतं. फक्त त्यामागचा प्रश्न त्या मुलाला पडलेला नसतो. तो सरांना पडलेला असतो, घरी बाबांनी शोधून दिलेला असतो किंवा शहरातल्या दुकानातून तयार मॉडेलबरोबर खोक्यातून आलेला असतो.

शाळकरी संशोधनात मुलाने काय करायचं आणि मोठ्या माणसाने काय करायचं, ही वाटणी नीट झाली नाही तर संशोधन होत नाही, सजावट होते. आटपाडीसारख्या तालुक्यात तर अशी सजावट फार महाग पडते, कारण इथे खरे प्रश्न दाराबाहेर पडलेले आहेत.

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचा हा माणदेशी मुलूख. माणगंगा वर्षातला बराच काळ वाळूच दाखवते. पाऊस बेभरवशाचा, म्हणून राजेवाडीसारखे जुने तलाव आणि कराडजवळ टेंभूला कृष्णेतून उचलून आणलेलं पाणी यांच्याकडे सगळ्यांचे डोळे. माळावर मेंढरं, खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत खिलार जनावरांचा बाजार आणि गेल्या काही दशकांत उभ्या राहिलेल्या डाळिंबाच्या बागा. पाणी समान वाटून मिळावं म्हणून इथे वर्षानुवर्षं पाणी परिषदा भरल्या. शेजारच्या खानापूर तालुक्यात 1980च्या दशकात लोकांनी येरळा नदीवर बळीराजा धरण उभारलं, तेव्हा के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते गावकऱ्यांच्या बाजूला बसून आकडेमोड करत होते. म्हणजे जाणकार माणूस आणि गाव यांनी मिळून प्रश्न सोडवण्याची रीत या भागाला परकी नाही.

प्रयोग हा शब्दही आटपाडीला जुनाच. औंध संस्थानच्या काळात, 1939 मध्ये, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेतून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसली. 'दो आँखें बारह हाथ' हा 1957चा चित्रपट तिच्यावरून सुचला आणि त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच मातीतले. कैद्याला कोंडून न घालता जमीन कसायला दिली आणि त्याच्यावर विश्वास टाकला तर काय होतं, हे तिथे पाहिलं गेलं. विश्वास टाकायचा आणि तरी जबाबदारी सोडायची नाही, ही कसरत शाळेतल्या मार्गदर्शकालाही करावी लागते.

गदिमांचे धाकटे भाऊ व्यंकटेश माडगूळकर यांचीही इथे आठवण होते. त्यांच्या 'सत्तांतर' या वानरांच्या टोळ्यांवरच्या कादंबरीला 1983 मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिच्या मागे रानात तासन् तास बसून केलेलं निरीक्षण आहे. माडगूळच्या या मुलाकडे प्रयोगशाळा नव्हती. नजर होती, वही होती आणि दम होता. शाळकरी संशोधनाचं निम्मं भांडवल एवढंच असतं.

सरकारी आणि निमसरकारी वाटा आता बऱ्याच आहेत. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद 1993 पासून देशपातळीवर भरते. 10 ते 17 वर्षांच्या मुलांनी आपल्या परिसरातला प्रश्न घ्यायचा, स्वतः नोंदी करायच्या आणि आपल्या भाषेत मांडायचं, हा तिचा गाभा. शाळेबाहेरच्या मुलांनाही तिथे जागा आहे. मुंबईच्या विज्ञान अध्यापक संघाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा 1981 पासून चालते. सहावी आणि नववीच्या मुलांना लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षेनंतर तिथे कृतिसंशोधनही करावं लागतं. इन्स्पायर मानक योजनेत सहावी ते बारावीच्या निवडलेल्या विद्यार्थ्याच्या नावावर 10,000 रुपये येतात. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांसाठी शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान मिळतं. पैसा आणि मंच हळूहळू येत आहेत. मार्गदर्शकाने कुठे थांबायचं, हे मात्र कुठल्याही अनुदानातून येत नाही.

मोठ्यांनी थांबायचं कुठे, हे समजायला टांझानियातला एक किस्सा फार उपयोगी आहे. 1963 मध्ये एरास्टो म्पेम्बा हा शाळकरी मुलगा वर्गात आईस्क्रीम करत होता. उकळलेलं दूध निवू द्यायचं आणि मग बर्फाच्या कप्प्यात ठेवायचं, अशी रीत. कप्प्यातली जागा जाईल म्हणून त्याने गरमच ठेवलं, आणि ते आधी गोठलं. शिक्षकांना विचारलं तर तुझा गोंधळ झालाय असं उत्तर मिळालं. पुढच्या शाळेत तर हे जगाचं नव्हे, म्पेम्बाचं खास भौतिकशास्त्र आहे, अशी टर उडवली गेली. मग डेनिस ऑस्बोर्न हे विद्यापीठातले प्राध्यापक शाळेत व्याख्यानाला आले. म्पेम्बाने त्यांनाही तेच विचारलं. वर्ग हसला. ऑस्बोर्न हसले नाहीत. परत गेल्यावर त्यांनी प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला तो प्रयोग करून पाहायला सांगितलं. गरम पाणीच आधी गोठलं, पण बरोबर उत्तर येईपर्यंत आपण प्रयोग करत राहू, असं त्या तंत्रज्ञाने कळवलं!

हे वाचून आपल्याकडच्या कितीतरी प्रयोगवह्या आठवाव्यात. अपेक्षित उत्तर आधी ठरतं आणि आकडे मागून त्याच्यापर्यंत चालवत नेले जातात. ऑस्बोर्न यांनी तसं होऊ दिलं नाही. 1969 मध्ये दोघांचा लेख 'फिजिक्स एज्युकेशन' या नियतकालिकात आला आणि त्यावर पहिलं नाव म्पेम्बाचं होतं. हा परिणाम खरोखर होतो का आणि कधी होतो, यावर शास्त्रज्ञांत आजही वाद आहे. पण त्या मुलाचा प्रश्न खरा होता, आणि एका मोठ्या माणसाने तो आपल्या नावावर न करता तपासला.

नावाचा क्रम ही बारीकसारीक बाब नाही. अमेरिकेत एमिली रोझा या मुलीने चौथीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एक सोपी चाचणी केली. हात न लावता माणसाभोवतीची ऊर्जा जाणवते, असं सांगणारे 21 उपचारक तिने निवडले. मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा धरला आणि माझा हात तुमच्या कुठल्या हाताजवळ आहे ते सांगा, असं विचारलं. 280 वेळा विचारल्यावर बरोबर उत्तरं आली 44 टक्के, म्हणजे नाणं उडवून मिळाली असती त्याहूनही कमी. 1998 मध्ये, ती 11 वर्षांची असताना, हे अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकात छापून आलं. लेखकांच्या यादीत पहिलं नाव तिच्या आईचं आहे, एमिलीचं दुसरं. लेखाचं लेखन, संदर्भ, आकडेशास्त्र हे मोठ्यांचं काम होतं आणि ते त्यांनी उघडपणे आपल्या नावाने केलं. यात लपवाछपवी नाही, म्हणून हे उदाहरण चांगलं. कुणी काय केलं ते स्वच्छ लिहिलं की मदत घेण्यात काहीही कमीपणा उरत नाही.

इंग्लंडमधल्या ब्लॅकॉटन गावच्या प्राथमिक शाळेत याच्याही पुढचं पाऊल पडलं. 8 ते 10 वर्षांच्या 25 मुलांनी भुंग्यांवर प्रयोग केला. कुठल्या फुलात गोड पाणी आहे ते भुंगे नुसत्या रंगावरून ओळखतात की फुलांच्या मांडणीवरूनही, हा त्यांचा प्रश्न. मेंदूशास्त्रज्ञ बो लोटो आणि शाळेचे मुख्याध्यापक बरोबर होते, पण प्रयोगाचे खेळ मुलांनी रचले, निष्कर्ष मुलांच्या शब्दांत लिहिले आणि आकृत्या मुलांनी रंगीत पेन्सिलींनी काढल्या. डिसेंबर 2010 मध्ये रॉयल सोसायटीच्या 'बायॉलॉजी लेटर्स'ने तो निबंध छापला. त्यात एकही संदर्भग्रंथ नव्हता. जुनं संशोधन या वयाच्या मुलांना समजेल अशा भाषेत नव्हतंच, मग त्याचा देखावा कशाला करायचा?

आपल्याकडे याच्याशी नातं सांगणारं सर्वांत भरीव काम पुणे जिल्ह्यातल्या पाबळला झालं. शिरूर तालुक्यातलं हे गावही आटपाडीसारखंच अवर्षणाचं. हिंदुस्तान लीव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी मुदतीआधी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग इथे आले आणि 1983 मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीची मुलं शाळेच्या वेळेतच वेल्डिंग, बांधकाम, शेती, पशुपालन, आहार आणि आरोग्य यांतली कामं करू लागली. माती तपासायची, रक्तातलं हिमोग्लोबिन मोजायचं, जमिनीचा विद्युतरोध मोजून भूजलाचा अंदाज घ्यायचा. आणि यातलं बरंच काम गावासाठी, सेवा म्हणून.

कलबागांची खुबी इथेच आहे. मुलाने तपासलेल्या मातीवर शेतकरी खताचा खर्च ठरवणार असेल, तर आकडा चुकून चालत नाही आणि गुळगुळीत करूनही चालत नाही. गुणांसाठी केलेल्या प्रकल्पात खोटा आकडा खपून जातो, शेजारच्या काकांच्या शेतात तो उघडा पडतो. अशा वेळी शिक्षकाला पोलीस व्हावं लागत नाही. पुन्हा मोजून बघ, एवढं तो म्हणतो, आणि का मोजायचं ते मुलाला आपणच कळतं. 2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या फॅब लॅबच्या, म्हणजे हवी ती वस्तू स्वतः घडवता येईल अशा कार्यशाळेच्या, कल्पनेसाठी पाबळची निवड केली, त्यामागे हाताने करून शिकण्याची ही वीस वर्षांची मशागत होती.

आता हीच वाटणी आटपाडीच्या एखाद्या हायस्कुलात कशी दिसेल? समजा, सातवीतल्या दोघींना प्रश्न पडला: टेंभूचं पाणी सुटल्यावर आमच्या वस्तीवरच्या विहिरीला पाणी वाढतं का? आजोबा म्हणतात वाढतं, चुलते म्हणतात वाढत नाही. भांडण घरातलंच आहे, म्हणून प्रश्न जिवंत आहे.

सरांचं पहिलं काम म्हणजे उत्तर न देणं. दुसरं काम, प्रश्नाला टोक काढणं: कुठल्या विहिरी, किती दिवस, वाढतं म्हणजे कशाच्या तुलनेत? कालव्यापासून लांबची एक विहीरही मोजायला हवी, हे मुलींना सुचेपर्यंत सरांनी धीर धरायचा. फारच वेळ लागला तर एवढंच विचारायचं, "पाणी पावसानेही वाढलं असेल की!" मग पर्जन्यमापक येतो. सरळ बाजूंची बाटली, वर तिच्याच तोंडाएवढं नरसाळं आणि पट्टी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लीटर पाणी, हे एकदा कळलं की 200 चौरस मीटरच्या शाळेच्या छपरावर 400 मिलिमीटर पावसात 80,000 लीटर पाणी पडतं, हा हिशेब मुली स्वतःच करतात आणि चकित होतात.

विहिरीच्या काठावर रंगाची एक खूण, तिथूनच दर वेळी दोरी सोडायची. सकाळी, मोटर चालू होण्याआधी, कारण उपसा सुरू झाला की पातळी पडते. तीनदा मोजायचं. चुकलेली नोंद खोडरबराने पुसायची नाही, एक रेघ मारून शेजारी नवी लिहायची. हे सगळं मुलींचं काम. विहीरमालकाची परवानगी काढणं आणि दर खेपेला कठड्याशी स्वतः हजर राहणं हे मोठ्यांचं. त्यात सूट नाही. सुरक्षिततेच्या बाबतीत मूल स्वतंत्र नसतं आणि नसावं. डाळिंबाच्या तेल्या रोगावर प्रकल्प असेल तर डाग पडलेली झाडं मोजायला, बांधाकडची आणि मधली झाडं ताडून बघायला मुलांना पाठवावं. फवारणीच्या आसपास कधीच नाही, आणि घरच्या बशीत जिवाणू वाढवणंही नाही. अमेरिकेतल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय विज्ञान मेळ्यातही घरी जिवाणू वाढवायला बंदी आहे. शिवाय तिथे विद्यार्थ्याने संस्थेच्या प्रयोगशाळेत काम केलं असेल, तर त्याने नेमकं काय केलं हे तिथल्या शास्त्रज्ञाला लेखी द्यावं लागतं. आपल्या तालुका प्रदर्शनातही असा एक कागद टेबलावर ठेवायला काय हरकत आहे?

आणखी एक मार्गदर्शक आपण नेहमी विसरतो. कुठल्या विहिरीला आधी पाझर लागतो ते आजोबांना ठाऊक असतं. कुठल्या माळावर मेंढरं कधी न्यायची ते मेंढपाळाला ठाऊक असतं. यांच्या नावापुढे पदवी नसते, म्हणून अहवालात त्यांचं नाव येत नाही. ते यायला हवं. मुलांनी त्यांचं सांगणं लिहून घ्यावं आणि मग तेही तपासावं. आदर ठेवून तपासता येतं, हे शिकणं माणदेशातल्या मुलाला पुस्तकातल्या कुठल्याही धड्यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

आणि समजा, सहा महिन्यांनी कळलं की कालव्याचा आणि त्या विहिरीचा काहीही संबंध नाही? मार्गदर्शकाची खरी कसोटी तेव्हाच. "असं कसं दाखवायचं प्रदर्शनात?" असं म्हणून आकडे वळवायचे की मुलींच्या पाठीशी उभं राहायचं? संबंध दिसला नाही, हेही उत्तरच आहे. परीक्षकांनी त्याला गुण द्यायला शिकलं पाहिजे.

शिक्षकांची अडचणही खरी आहे. दोन-तीन शिक्षकांची शाळा, निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, यांतच प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी पत्र येतं. मग सर स्वतःच रात्री बसून मॉडेल करतात. त्यांना नुसता दोष देऊन भागणार नाही. वर्षाच्या सुरुवातीलाच विषय आणि वेळ मिळाली, तर बहुतेक शिक्षक मुलांच्या हातून काम करून घेतील.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, त्यातली एक वेळ पावसाळा सरल्यानंतरची. दिवाळीची सुट्टी साधारण त्याच सुमाराला येते. तेव्हा मुलं घरी असतात, विहिरींना पाणी असतं आणि सकाळी मोटर उशिरा चालू होते. घरातल्या मोठ्यांनी कठड्याशी उभं राहावं, दोरी मात्र मुलांच्या हातात द्यावी. पहिली नोंद त्या सुट्टीतच करता येईल.