स्वमग्न बालकांचे भाषाशिक्षण : वर्तनोपचार आणि वाचोपचार यांचा समन्वय

लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा बालकांच्या निरीक्षणावरून स्वमग्नतेचे वर्णन केले. त्या बालकांच्या बोलण्यातील दोन विशेष त्यांनी आवर्जून नोंदविले : ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी उच्चारणे आणि 'मी'च्या जागी 'तू' योजणे. हे दोन्ही विशेष परस्परसंबद्ध होत. 'तुला पाणी हवं का?' हे आईचे वाक्य मूल समग्र उचलते आणि तहान लागली की तेच म्हणते. सर्वनामाचा विपर्यास त्यातूनच उद्भवतो.

या वाक्याचे काय करावे, हा उपचारापुढील खरा प्रश्न आहे. बी. एफ. स्किनर यांनी १९५७ साली उच्चारांचे वर्गीकरण रूपावरून न करता कार्यावरून केले. त्या दृष्टीने वरील वाक्य प्रश्नार्थक दिसले तरी ती मागणीच ठरते. नोम चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये या उपपत्तीचे कठोर परीक्षण केले. प्रबलनाच्या आधारे भाषेच्या नवनिर्मितिक्षमतेचा उलगडा होत नाही, हे त्यांच्या आक्षेपाचे सार होय. तथापि उपपत्ती म्हणून जे अपुरे, ते उपचारात निरुपयोगी असतेच असे नाही. प्रिझंट आणि डूशन यांनी १९८१ साली दाखवून दिले की, अशा तात्काळ पुनरुक्तीमागेही संवादाचे विविध हेतू असतात. म्हणून ती दडपून टाकणे म्हणजे मुलाच्या हाती असलेले एकमेव साधन काढून घेणे होय.

वर्तनोपचारक संधी साधतो : मूल तहानलेले असताना, पेला समोर धरून, मुलाच्याच बाजूने 'मला पाणी हवं' हे वाक्य पुरवितो, ते उच्चारताच पाणी देतो आणि पुढे हा आधार क्रमाने कमी करतो. परंतु कोणते वाक्य आधी घ्यावे, हे भाषेच्या रचनेवरून ठरवावे लागते. मराठीत 'मला पाणी हवं' व 'तुला पाणी हवं' यांत केवळ सर्वनाम बदलते. क्रियापद पाण्याला अनुसरते. 'मी जातो' व 'तू जातोस' यांत मात्र क्रियापदाचा प्रत्ययही बदलतो. शिवाय आईचे 'मी जाते' मुलाने जसेच्या तसे उचलल्यास लिंगही चुकते. अर्थात् 'मला हवं' या रचनेपासून आरंभ करणे सयुक्तिक ठरते. ही निवड वाचोपचारकाच्या कक्षेतील आहे.

समन्वयाचा अर्थ दोन तासिका शेजारी शेजारी ठेवणे असा नव्हे. लोवास यांनी १९८७ साली एकोणीसपैकी नऊ मुलांच्या लक्षणीय प्रगतीचा वृत्तांत दिला. पण गटांची विभागणी यादृच्छिक नव्हती आणि उपचार आठवड्याला चाळीस तासांचा होता. याउलट कॅसरी व सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासात पाच ते आठ वर्षांच्या, अत्यल्प बोलणाऱ्या ६१ मुलांना खेळ, संयुक्त अवधान व भाषा यांचे एकत्रित शिक्षण मिळाले. ज्या गटाला आरंभापासून बोलणाऱ्या उपकरणाची जोड होती, त्याच्या स्वयंस्फूर्त संप्रेषणात अधिक वाढ दिसून आली. वाणीला पर्यायी साधन दिल्यास मूल मुकेच राहील, ही पालकांची भीती त्यामुळे निराधार ठरते.

उच्चार केव्हा व कशासाठी झाला, हे एक शास्त्र सांगते. तो कोणत्या रूपात घडावा, हे दुसरे. पाणी मागणाऱ्या मुलाला दोहोंची गरज आहे.