कबड्डीतील तिसरी चढाई आणि दबावाखालील निर्णयक्षमता : शहापूर व मुरबाड तालुक्यांतील महाविद्यालयीन खेळाच्या संदर्भात

प्रस्तावना

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके होत. भातशेती, वनक्षेत्र आणि विखुरलेले आदिवासी पाडे ही या प्रदेशाची ओळख आहे. भातकापणी उरकली की मोकळ्या जमिनीवर मैदाने आखली जातात आणि गावोगावी कबड्डीचे सामने सुरू होतात. शहापूरचे सोनुभाऊ बसवंत महाविद्यालय, मुरबाड तालुक्यातील शिवळे येथील शांतारामभाऊ घोलप महाविद्यालय यांसारख्या मुंबई विद्यापीठाशी संलग्न संस्थांत येणारे विद्यार्थी हा खेळ गावातूनच सोबत घेऊन येतात. त्यांच्या चपळाईविषयी व ताकदीविषयी सहसा कोणी शंका घेत नाही. सामना चुरशीचा होऊन निसटला, की मात्र ‘पोरे दबावात ढेपाळली’ असा शेरा हमखास ऐकू येतो.

या शेऱ्यात एक गृहीतक दडलेले आहे. दबाव पेलण्याची शक्ती हा जन्मजात स्वभावगुण असून तो काहींपाशी असतो व काहींपाशी नसतो, असे त्यात मानलेले असते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याहून वेगळे आहे. निर्णायक क्षणी यशस्वी होणाऱ्या चढाईपटूने त्या क्षणी करावयाचे बरेचसे निर्णय आधीच करून ठेवलेले असतात, आणि ही तयारी शिकविता येते. कबड्डीतील ‘तिसरी चढाई’ हे या विवेचनासाठी सर्वांत सोयीचे उदाहरण आहे.

तिसऱ्या चढाईची रचना

पुरुषांच्या कबड्डीचे क्रीडांगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर आणि बोनस रेषा त्यापुढे आणखी १ मीटरवर असते. प्रत्येक चढाईस ३० सेकंदांची मर्यादा असते. एखाद्या संघाच्या सलग दोन चढाया निष्फळ ठरल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण मिळविणे बंधनकारक होते. तो न मिळाल्यास चढाईपटू बाद होतो व प्रतिस्पर्ध्यास एक गुण मिळतो. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यापासून हा नियम खेड्यापाड्यांतील प्रेक्षकांनाही परिचित झाला आहे.

या नियमाने चढाईचे गणितच बदलते. सामान्य चढाईत चढाईपटू निदान रेषा ओलांडून सुखरूप परत आला, तर त्याचा संघ काहीही गमावीत नाही. तेथे सावधपणाला मोल असते. तिसऱ्या चढाईत समोर चार किंवा अधिक बचावपटू असतील, तर रिकाम्या हाताने परतणे आणि पकडले जाणे यांची किंमत सारखीच, म्हणजे एक गुण व एक खेळाडू, इतकी असते. अशा वेळी सावधपणाने काहीच वाचत नाही. समोर तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असतील, तर मात्र पकड झाल्यास ती ‘अव्वल पकड’ ठरते व प्रतिस्पर्ध्यास एक जादा गुण मिळतो. तेथे अखेरच्या सेकंदाला घेतलेली आंधळी झेप अधिक महाग पडते.

बोनस गुणाचा विचारही असाच करावा लागतो. तो मिळण्यासाठी समोर किमान सहा बचावपटू असावे लागतात. सात जण समोर असताना चढाईपटूपाशी बोनस आणि स्पर्श असे दोन मार्ग असतात. पाच जण असताना स्पर्शाचा एकच मार्ग उरतो. याचा अर्थ असा, की समोरच्या खेळाडूंची केवळ संख्या मोजल्याने निम्मा निर्णय मध्यरेषा ओलांडण्यापूर्वीच होऊ शकतो. ज्याने हे गणित सरावात पक्के केलेले नाही, त्याला ते ३० सेकंदांच्या आत, दम घेत असताना करावे लागते.

दबावात नेमके काय घडते

दबावाचा परिणाम तीन ठिकाणी दिसून येतो. पहिला परिणाम लक्षावर होतो. मानसशास्त्रज्ञ ईस्टरब्रूक यांनी १९५९ मध्ये मांडल्याप्रमाणे, भावनिक उत्तेजना वाढू लागली की माणसाच्या अवधानाचा परीघ आकसतो. हा आकुंचित परीघ नेहमीच घातक असतो असे नाही. अनावश्यक गोष्टी त्यातून गळून पडल्या तर तो उपकारकच ठरतो. परंतु कोणती गोष्ट आवश्यक हे ठाऊक नसलेला चढाईपटू समोरच्या बचावपटूच्या हातांकडे पाहत राहतो आणि बाजूने येणाऱ्या कोपरारक्षकाचा पाय त्याच्या नजरेतून सुटतो.

दुसरा परिणाम कौशल्यावर होतो. अंगवळणी पडलेली हालचाल सहजपणे होत असते. दबावाखालील खेळाडू तिच्या एकेका टप्प्याकडे जाणीवपूर्वक लक्ष देऊ लागला, की तिची लय बिघडते. सियान बायलॉक व थॉमस कार यांनी २००१ मध्ये गोल्फच्या फटक्यांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले, की चित्रीकरण चालू आहे याची जाणीव ठेवून सराव केलेले खेळाडू पुढे दबावाच्या प्रसंगी ढासळले नाहीत. लोकांच्या नजरेखाली खेळण्याची सवय हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे, हे त्यावरून स्पष्ट होते.

तिसरा परिणाम श्वासावर होतो. भीतीने श्वास उथळ होतो. कबड्डीत तर ‘कबड्डी, कबड्डी’ हा अखंड उच्चार सुटू न देणे हा नियमच आहे. उच्चार सावकाश आणि एका लयीत झाला तर उच्छ्वास लांबतो व शरीर काहीसे शांत राहते; घाईने झाला तर दम लवकर संपतो आणि चढाईपटू वेळेच्या आधीच परतण्याचा विचार करू लागतो. जुन्याजाणत्या खेळाडूंनी दमसासाला दिलेले महत्त्व केवळ परंपरेचे नाही, हे येथे ध्यानात येते.

समर्थ चढाईपटूची तयारी

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमधील क्वार्टरबॅक हा खेळाडू येथे तुलनेसाठी उपयुक्त ठरतो. चेंडू हाती आल्यावर प्रतिस्पर्धी त्याच्यावर चालून येतात आणि चेंडू कोणाकडे फेकावा हे ठरविण्यास त्याला अवघे काही सेकंद मिळतात. प्रशिक्षक त्याला सर्व सहकाऱ्यांकडे एकदम पाहण्यास शिकवीत नाहीत. आधी कोणाकडे पाहावयाचे, तो मोकळा नसेल तर नंतर कोणाकडे, हा क्रम चाल सुरू होण्यापूर्वीच ठरलेला असतो. आपल्या चढाईपटूलाही असाच क्रम लागतो.

हा क्रम साधारणपणे असा सांगता येईल. मध्यरेषेवर उभे असतानाच बचावपटूंची संख्या मोजावी आणि बोनसचा मार्ग खुला आहे की नाही हे निश्चित करावे. नंतर एकच लक्ष्य, म्हणजे डावा किंवा उजवा कोपरारक्षक, निवडावे. मैदानात गेल्यावर त्याच्या हातांपेक्षा पुढच्या पायावर नजर ठेवावी. त्याने वजन पुढच्या पायावर टाकले म्हणजे तो पकडीच्या तयारीत आहे असे समजावे व त्याच क्षणी हाताने किंवा पायाच्या अंगठ्याने स्पर्श साधावा. तो मागे सरला, तर ठरलेल्या दुसऱ्या मार्गाकडे वळावे. घटकेघटकेला नवा बेत आखणारा चढाईपटू वेळही घालवितो आणि दमही.

काही सामन्यांची साक्ष

२०१६ च्या अहमदाबाद येथील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मध्यंतरास भारत इराणविरुद्ध १३-१८ असा मागे होता. उत्तरार्धात चित्र पालटले आणि भारताने ३८-२९ असा विजय मिळविला. अजय ठाकूर याने त्या सामन्यात चढाईचे १२ गुण नोंदविले. पाच गुणांची पिछाडी एका चमत्काराने भरून निघत नाही. तिच्यासाठी एकेका चढाईत एकेक गुण वेचावा लागतो.

हांगझाऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत ७ ऑक्टोबर २०२३ रोजी भारतीय महिलांनी चायनीज तैपेईवर २६-२५ अशी केवळ एका गुणाने मात केली. त्याच दिवशी पुरुषांच्या अंतिम सामन्यात भारत व इराण २८-२८ असे बरोबरीत असताना पवन सेहरावत तिसऱ्या चढाईस गेला. तो बचावपटूस स्पर्श न होता राखीव क्षेत्रात गेला, त्याच्यामागून इराणचे बचावपटूही गेले आणि गुण कोणत्या नियमाने द्यावयाचे यावर वाद उद्भवला. खेळ सुमारे तासभर थांबला. अखेर भारताने ३३-२९ असा विजय मिळविला. या प्रसंगातून दोन बोध होतात. नियमांचे बारकावे ठाऊक असणे हेही दबावातील कौशल्यच होय. आणि दीर्घ व्यत्ययानंतर पुन्हा त्याच एकाग्रतेने उभे राहणे ही स्वतंत्र तयारी आहे.

महाराष्ट्रापुरते पाहावयाचे झाल्यास, जानेवारी २०१८ मध्ये हैदराबाद येथे रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली राज्याच्या पुरुष संघाने सेनादलास ३४-२९ असे नमवून ११ वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. तेथेही फरक पाच गुणांचाच होता.

शहापूर-मुरबाडच्या संदर्भात

वरील विवेचन लक्षात घेतल्यास ग्रामीण खेळाडूची अडचण कोठे आहे हे दिसू लागते. त्याने बहुतेक खेळ मातीवर व अनवाणी खेळलेला असतो. मॅटवर बूट घालून खेळताना पायाची पकड आणि वळण्याचा वेग दोन्ही बदलतात. परिणामी अंगवळणी पडलेल्या हालचालींकडेच त्याला नव्याने लक्ष द्यावे लागते. मुरबाडच्या विद्यार्थ्यास एस.टी.ने कल्याण गाठावे लागते, शहापूरच्या विद्यार्थ्यास आसनगाव स्थानक. दूरच्या पाड्यावरील मुलामुलींचा सायंकाळचा सराव शेवटच्या गाडीच्या वेळेने ठरतो. स्पर्धा बाद पद्धतीची असली की एका पराभवाने वर्ष संपते. चुरशीच्या सामन्यांचा अनुभव ज्यांना सर्वांत कमी मिळतो, त्यांच्याच मनोधैर्यावर शंका घेतली जाते.

यावर फार खर्चाचा उपाय लागत नाही. सरावाच्या अखेरीस १५ मिनिटे केवळ तिसऱ्या चढाईचा सराव ठेवावा. फलकावर २८-२८ असे गुण मांडावेत, समोर कधी सात, कधी पाच, तर कधी तीन बचावपटू उभे करावेत आणि घड्याळ लावावे. इतर विद्यार्थ्यांना भोवती बसवून आरडाओरडा करू द्यावा. भ्रमणध्वनीवर चित्रीकरण करावे. ही जबाबदारी नेहमी एकाच खेळाडूवर न टाकता किमान तिघांना तयार करावे. स्पर्धेपूर्वी काही दिवस तरी मॅटवर खेळण्याची सोय करावी. चढाई फसल्यावर ‘घाबरलास का?’ असे विचारण्याऐवजी ‘काय पाहिलेस?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने खेळाडू खजील होतो. दुसऱ्याने तो शिकतो.

समारोप

दबावाखाली श्रेष्ठ ठरणारा चढाईपटू भीतीपासून मुक्त असतो असे नाही. त्याच्यापुढील पर्याय मोजके असतात, नजर कोठे ठेवावयाची हे त्याला ठाऊक असते आणि तो प्रसंग त्याने सरावात अनेकदा अनुभवलेला असतो. यांपैकी कोणतीही गोष्ट शहराची मक्तेदारी नाही. शहापूर व मुरबाड येथील मुलामुलींनी चपळाई आणि दमसास गावाच्या मातीतून आणलेला आहेच. तिसऱ्या चढाईची तयारी त्यांना महाविद्यालयाने द्यावयाची आहे. ती दिल्याशिवाय त्यांच्या स्वभावावर शेरा मारण्याचा अधिकार महाविद्यालयास पोहोचत नाही.