टॅब्लेटवरील सिंथेसायझरचा सूर नेमका कुठे बिघडतो?

टॅब्लेटवरच्या सिंथेसायझर अ‍ॅपमधून मुद्रित केलेला आवाज पातळ किंवा खरखरीत वाटला, की त्याचा दोष सहसा उपकरणाच्या इवल्याशा स्पीकरवर टाकला जातो. वस्तुतः आतल्या आत होणाऱ्या मुद्रणाशी स्पीकरचा काहीही संबंध नसतो; बिघाड होतो तो एक तर आवाज ज्या गणितातून जन्माला येतो त्या गणितात, नाहीतर तो आवाज मुद्रणापर्यंत ज्या वाटेने नेला जातो त्या वाटेवर. वाटेवरचा बिघाड टाळता येतो, गणितातला मात्र एकदा मुद्रणात उतरला की काढता येत नाही, आणि म्हणूनच तो आधी समजून घेणे अगत्याचे आहे.

सिंथेसायझर म्हणजे तार, पडदा किंवा फुंक यांच्याविना, विद्युत्-स्पंदनांतून स्वर घडवणारे वाद्य. कॉर्ग कंपनीचे 1978 मधील एमएस-20 हे असेच वाद्य 2010 मध्ये आयपॅडवर अ‍ॅपच्या रूपाने आले, आणि त्याच वर्षी गोरिलाझ या ब्रिटिश संगीतसमूहाने ‘द फॉल’ हा आपला अल्बम अमेरिकेच्या दौऱ्यात मुख्यतः आयपॅडवर तयार केला. मूळ वाद्यात वीज अखंड वाहत असते. अ‍ॅपमध्ये मात्र स्वर ही केवळ आकड्यांची माळ असते. सेकंदाला 44,100 किंवा 48,000 वेळा ध्वनिलहरीची उंची मोजून हे आकडे मांडले जातात, आणि या वेगाला नमुनादर म्हणतात.

नमुनादराचा एक कठोर नियम आहे: त्याच्या निम्म्यापेक्षा अधिक कंपनसंख्या त्या आकड्यांत मावत नाही. 44,100 या दराला ही मर्यादा 22,050 हर्ट्‌झ इतकी येते, आणि माणसाचा कान फार तर 20,000 हर्ट्‌झपर्यंत ऐकत असल्यामुळे ती वरवर पुरेशी वाटते. अडचण अशी, की न मावणारा स्वर नाहीसा होत नाही, तर मर्यादेवर आपटून खाली परततो. करवतीच्या दात्यांसारखा आकार असलेली लहर सिंथेसायझरमध्ये सर्रास वापरली जाते, आणि तिच्यात मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर असतात. हिशेबाच्या सोयीसाठी मूळ स्वर 5,000 हर्ट्‌झचा धरला, तर त्याचा पाचवा उपस्वर 25,000 हर्ट्‌झचा होतो आणि तो 44,100 मधून वजा होऊन 19,100 वर उमटतो. सहावा 14,100 वर, सातवा 9,100 वर, आणि आठवा थेट 4,100 वर, म्हणजे मूळ स्वराच्याही खाली येऊन बसतो. या परतलेल्या स्वरांचे मूळ स्वराशी काहीही नाते नसते. या दोषाला एलियासिंग म्हणतात. मूळ स्वर मींडेने वर चढत असताना हे उपरे स्वर उलट खाली उतरतात. कानाला खटकते ते हेच.

उपाय ठाऊक नाही असे नाही. स्वराचे गणित चौपट दराने, म्हणजे सेकंदाला 1,76,400 नमुन्यांनी करावे, जास्तीचे उपस्वर गाळून टाकावेत आणि मग मूळ दरावर यावे, ही पद्धत प्रसिद्ध आहे. पण तिच्यात प्रोसेसरवरचा भारही जवळजवळ चौपट होतो. पहिल्या आयपॅडमध्ये अवघी 256 एमबी मेमरी आणि एकेरी गाभ्याचा प्रोसेसर होता, त्यामुळे त्या काळातील अ‍ॅपरचनाकारांनी काटकसर केली असेल तर त्यांना बोल लावता येत नाही. आजच्या टॅब्लेटवर मात्र ही काटकसर समर्थनीय नाही, आणि ज्या अ‍ॅपमध्ये उच्च दर्जाचा पर्याय दिलेला असतो तिथे निदान मुद्रणापुरता तरी तो निवडलाच पाहिजे.

प्रोसेसरच्या ताणाची दुसरी खूण म्हणजे मधूनच येणारी चटचट. आकडे थोडे थोडे साठवून पुढे पाठवले जातात, आणि या साठ्याला बफर म्हणतात. 256 नमुन्यांचा बफर 44,100 दराने सुमारे 5.8 सहस्रांश सेकंद पुरतो. तेवढ्या वेळात पुढचे आकडे तयार झाले नाहीत, तर आवाजात खंड पडतो आणि तो मुद्रणातही उतरतो. बफर वाढवला की चटचट थांबते, मात्र पट्टी दाबणे आणि स्वर ऐकू येणे यांतले अंतर वाढते. म्हणून वाजवताना लहान आणि अंतिम मुद्रणाच्या वेळी मोठा बफर ठेवणे शहाणपणाचे.

आता वाटेकडे वळू. हेडफोनच्या छिद्रातून तार काढून ती दुसऱ्या यंत्रात खुपसणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत नुकसानीची रीत आहे, कारण तिच्यात आकड्यांची वीज होते आणि विजेचे पुन्हा आकडे होतात, आणि प्रत्येक रूपांतरात थोडी खरखर मिसळते. त्यात चार्जर लावलेला असेल तर भारतातील 50 हर्ट्‌झच्या वीजपुरवठ्याची गुणगुणही शिरू शकते. बॅटरीवर मुद्रण केले की ती पुष्कळदा थांबते. पडद्याचे चित्रण करून त्यातला आवाज वापरणे हेही अंतिम मुद्रणासाठी योग्य नव्हे, कारण तो आवाज आकाराने लहान करण्यासाठी दाबलेला असतो. नमुनादराची गल्लत तर स्वरच बदलते: 44,100 दराचे मुद्रण 48,000 दराने वाजवले, तर सूर जवळजवळ दीड अर्धस्वराने चढतो, म्हणजे काळी एकचा षड्ज पांढरी दोन ओलांडून काळी दोनच्या वाटेवर अर्ध्यात लटकतो, आणि मग त्याच्याशी कोणतीही पेटी जुळत नाही.

खरा मार्ग आतल्या आत आकड्यांचे आकडेच ठेवण्याचा आहे. 2012 च्या डिसेंबरात आलेल्या ऑडिओबसने एका अ‍ॅपचा आवाज दुसऱ्यात नेण्याची सोय केली, आणि 2015 मध्ये आयपॅडच्या आयओएस या प्रणालीच्या नवव्या आवृत्तीने सिंथेसायझरलाच मुद्रणाच्या अ‍ॅपमध्ये बसवण्याची व्यवस्था आणली. या मार्गाने 24 बिटचे मुद्रण केल्यास, प्रत्येक बिटामागे सुमारे 6 डेसिबल या हिशेबाने मंद आणि प्रखर स्वरांसाठी इतका ऐसपैस वाव मिळतो, की आवाज फाटण्याच्या सीमेपर्यंत पातळी चढवण्याचे कारणच उरत नाही.

कोणत्याही नव्या अ‍ॅपवर मुद्रण सुरू करण्यापूर्वी वाचकांनी एक परीक्षा अवश्य घ्यावी: करवती लहर निवडावी, गाळणी (फिल्टर) पूर्ण उघडी ठेवावी, तारेचा हेडफोन लावावा आणि तार सप्तकातून वर जाणारी एक सावकाश मींड घ्यावी. वर चढणाऱ्या सुराखाली काही उतरताना ऐकू आले, तर अ‍ॅपची दर्जाविषयीची मांडणी बदलावी, आणि ती सोय नसेल तर त्या अ‍ॅपमध्ये वरच्या पट्टीतले काम करू नये.