दोन जिवांची शस्त्रक्रिया

आपल्याकडे व्यंग घेऊन मूल जन्मलं की पहिलं बोट आईकडे जातं. ग्रहणात सुरी हातात धरली असेल, काहीतरी वावगं खाल्लं असेल. माझ्या लहानपणी आमच्या मोहल्ल्यात हेच बोललं जाई आणि पलीकडच्या आळीतही हेच. आज अशाच एका व्यंगाविषयी बोलायचं आहे.

गर्भ राहिल्यावर पहिल्या २८ दिवसांत बाळाच्या मज्जारज्जूची नळी मिटते. कधी ती उघडीच राहते. या दोषाला ‘स्पायना बायफिडा’ म्हणतात. त्याच्या गंभीर प्रकारात उघड्या मज्जारज्जूला गर्भजलात महिनोन्‌महिने इजा होत राहते. पाय लुळे पडतात, लघवी-शौचावर ताबा राहत नाही, मेंदूत पाणी साचतं.

मग जन्माची वाट का पाहायची? आईला भूल देऊन, २६ आठवड्यांच्या आत तिचं गर्भाशय उघडतात, बाळाची पाठ शिवतात आणि गर्भाशय पुन्हा बंद करतात. बाळ आतच वाढत राहतं.

अमेरिकेतल्या तीन केंद्रांनी केलेला याचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. जन्मानंतर शस्त्रक्रिया झालेल्या शंभरातल्या ८२ मुलांना मेंदूतलं पाणी काढण्यासाठी वर्षाच्या आत नळी बसवावी लागली. जन्माआधी झालेल्यांत ४० जणांना. अडीच वर्षांची होताना आधाराविना चालणारी मुलं शंभरात २१ होती, ती ४२ झाली. म्हणजे लाभ मोठा, पण पूर्ण नव्हे. झालेली इजा भरून येत नाही.

आणि किंमत आई मोजते. तिला स्वतःला काहीच आजार नसतो. तरी गर्भाशयावर व्रण राहतो, तो पुढे उसवण्याचा धोका असतो आणि यापुढची प्रत्येक प्रसूती सिझेरियननंच करावी लागते. मूलही बहुधा वेळेआधी जन्मतं. म्हणून घरातल्या चार माणसांनी तिच्या वतीनं ‘हो’ म्हणून चालत नाही. तिला सगळं समजावून तिलाच विचारायला हवं. तिनं ‘नाही’ म्हटलं, तरी ती कमी आई ठरत नाही.

एक उपाय मात्र साधा आहे. मूल हवं असं ठरलं की गर्भ राहण्याआधीपासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावं. आधीच्या मुलात हा दोष असेल, तर जास्त मात्रा डॉक्टर ठरवतात. दिवस गेल्याचं कळेपर्यंत ती नळी मिटण्याची वेळ बहुधा सरत आलेली असते. गोळी घेऊनही दोष राहू शकतो, पण त्याची शक्यता पुष्कळ घटते.

ग्रहणात सुरी लपवणाऱ्या घरानं ही गोळी तिच्या हातावर वेळेत ठेवावी.